डेटाबेसवर आळ घेणारी टेस्ट

बिल्ड, म्हणजे कोड बांधून सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी फेरी, लाल झाली होती, म्हणजे फेल, आणि कारण एका ओळीत लिहिलेलं होतं: २००० मिलिसेकंदांची मुदत संपली, डन बोलावलं जातंय ना ते पाहा. डन म्हणजे आपलं काम संपल्याचं टेस्टने कळवायचं फंक्शन. मोका हा जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारा रनर वापरणाऱ्या कुणालाही हा संदेश तोंडपाठ असतो, आणि तोंडपाठ असलेलं कुणी वाचत नाही.

सेवा साधी होती. वापरकर्त्याने वेळेचा एक स्लॉट निवडला की तो काही मिनिटं त्याच्या नावावर राखून ठेवायचा. तेवढ्यात त्याने पक्कं केलं तर ठीक, नाहीतर स्लॉट पुन्हा सगळ्यांना मोकळा. ही राखायची मुदत पंधरा मिनिटं आहे का, एवढंच ती टेस्ट तपासत होती. आदल्या दिवशीपर्यंत हिरवी होती.

टीमचा पहिला संशय डेटाबेसवर. संशय अगदीच हवेतला नव्हता. बिल्डच्या मशिनवरचा डेटाबेस सुरू व्हायला खरोखरच वेळ घ्यायचा आणि त्याची जुनी बदनामी होती. एकाने टेस्टची मुदत २००० वरून १०००० केली. टेस्ट पुन्हा लाल, फक्त आता दहा सेकंदांनी. दुसऱ्याने कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसकडच्या तयार जोडण्यांचा साठा, वाढवून पाहिला. तिसऱ्याने फेल झालेली टेस्ट आणखी दोनदा आपोआप चालवायची सोय चालू केली, त्यामुळे तेच लाल आता अर्ध्या मिनिटाने दिसू लागलं. दीड दिवस असा गेला. चोर मोकळा होता आणि संन्याशाची झडती चालू होती.

मी त्या टीममध्ये नवा होतो. नव्या माणसाला एक सवलत असते: लॉग पहिल्या ओळीपासून वाचत बसला तरी त्याला कुणी हसत नाही.

लॉगमधली ओळ

टाइमआउटच्या बरंच वर, डेटाबेस जोडल्याच्या ओळींच्या गर्दीत, एक इशारा पडलेला होता. एक प्रॉमिस (पुढे येणाऱ्या निकालाच्या जागी मिळणारी वस्तू) रिजेक्ट झालं, म्हणजे अपयशी ठरलं, आणि ते कुणी हाताळलं नाही, असा. त्याला लागूनच असर्शनची, म्हणजे अपेक्षित किंमत मिळते का या तपासाची, एरर, आणि तिच्या खाली चक्क "१० !== १५". त्याच्याही खाली नोडने (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) सौम्य शब्दांत दम दिला होता, की अशी न हाताळलेली रिजेक्शन्स पुढे कधीतरी प्रोसेस बंद पाडतील. प्रोजेक्ट तेव्हा नोड १२ वर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नोड १५ ने तो दम खरा केला. त्याआधी नोड इशारा छापायचा आणि पुढे चालू लागायचा.

म्हणजे टेस्टने आपलं काम चोख केलं होतं. कुणीतरी सेटिंगमध्ये १५ चे १० केले होते, टेस्टने ते डेटाबेसचं उत्तर आल्या क्षणी पकडलं होतं आणि सांगितलंही होतं. फक्त ज्याला सांगायचं त्या रनरच्या कानावर ते गेलंच नाही. उरलेला सगळा वेळ रनर वाट बघत बसला होता.

टेस्ट अशी होती. कोड देवनागरीत उतरवून देतोय. चिन्हं तीच, अक्षरं आपली.

इट('स्लॉट पंधरा मिनिटं राखला जातो', फंक्शन (डन) {
  राखूनठेव(स्लॉट).देन((नोंद) => {
    असर्ट.स्ट्रिक्टइक्वल(नोंद.मिनिटं, १५);
    डन();
  });
});

दिसायला यात काहीच वावगं नाही. हिरवी असते तेव्हा ती खरोखरच बरोबर चालते, आणि म्हणूनच ती दोन वर्षं कुणाच्या नजरेत आली नाही. दोष फक्त फेल होण्याच्या वाटेत आहे, आणि ती वाट दोन वर्षांत कुणी वापरली नव्हती.

थ्रो झालेली एरर कुठे जाते

असर्शन फेल होतं म्हणजे काही जादू होत नाही. असर्ट एक एरर थ्रो करतं, म्हणजे फेकतं, बस. थ्रो झाल्यावर खालची ओळ चालत नाही, म्हणून डन बोलावलं गेलं नाही. इथवर सगळ्यांना कळतं. मग ती थ्रो झालेली एरर गेली कुठे?

साध्या सिंक्रोनस (उत्तराची वाट न बघता सलग चालणाऱ्या) टेस्टमध्ये रनर तुमचं फंक्शन स्वतः बोलावतो, एरर पकडणाऱ्या ट्राय-कॅचच्या आत. एरर कॉल स्टॅकच्या, म्हणजे एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शन्सच्या चळतीच्या, पायऱ्या चढत वर येते आणि वर रनर झेल घ्यायला उभा असतो. आमच्या टेस्टमध्ये मात्र फंक्शन केव्हाच संपलेलं होतं. त्याने प्रॉमिसच्या देनकडे एक कॉलबॅक, म्हणजे निकाल आल्यावर बोलवायचं फंक्शन, सोपवला आणि ते परतलं, तो स्टॅक तिथेच उलगडला. पुढे डेटाबेसचं उत्तर आल्यावर कॉलबॅक मायक्रोटास्कच्या (चालू काम संपताच करायच्या कामांच्या) रांगेतून चालला, आणि त्या वेळी त्याच्या डोक्यावर प्रॉमिसची यंत्रणा होती. तिचा नियम पक्का आहे: देनच्या कॉलबॅकमध्ये काहीही थ्रो झालं, तर देनने परत दिलेलं नवं प्रॉमिस त्याच कारणाने रिजेक्ट करायचं. प्रॉमिसेस/ए+ या खुल्या तपशिलात हेच होतं आणि इकमास्क्रिप्ट २०१५ या जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत प्रॉमिस भाषेचा भाग झालं तेव्हाही हेच राहिलं. नेटवर्क तुटल्याची एरर आणि टेस्टमधलं असर्शन यांत प्रॉमिस भेद करत नाही. दोन्ही त्याच्या झोळीत.

त्या झोळीला, म्हणजे देनने परत दिलेल्या प्रॉमिसला, आमच्या टेस्टमध्ये कुणी हातच लावलेला नव्हता. ते एका ओळीवर जन्मलं आणि कुणीही न धरता तसंच सोडून दिलं गेलं. हेच समजावून सांगत होतो तेव्हा टीममधल्या सगळ्यांत जुन्या सहकाऱ्याने मान हलवली.

"अरे, पण कॉलबॅक होते तेव्हा असं कधी झालं नाही. हेच डन, हेच असर्ट."

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न तोच. जुन्या कॉलबॅकच्या कोडमध्ये असर्शन थ्रो झालं की त्याच्या वर काहीच नसायचं. ना रनर, ना प्रॉमिस. एरर थेट इव्हेंट लूपपर्यंत (एकेक काम उचलून चालवणारं नोडचं चक्र) जायची आणि नोडमध्ये न पकडलेली एक्सेप्शन म्हणून फुटायची. मोका नेमकं त्याकडे कान लावून बसलेला असतो. अशी एक्सेप्शन आली की तो ती त्या वेळी चालू असलेल्या टेस्टच्या नावावर लावतो. म्हणजे जुन्या टेस्ट पकडल्या जात होत्या त्या या मागच्या दाराने. दोन वर्षांपूर्वी डेटाबेसचा कोड कॉलबॅकवरून प्रॉमिसवर आणला तेव्हा टेस्टमध्ये जेमतेम एक ओळ बदलली, सगळं हिरवं राहिलं, आणि ते मागचं दार बंद झाल्याचं कुणाला कळलं नाही. प्रॉमिस एरर फुटू देत नाही, धरून ठेवतं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, हा गुण आहे. टेस्टमध्ये त्याचाच गळफास होतो.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतली चूक

पहिली दुरुस्ती एका सहकाऱ्याने माझ्या शेजारी बसूनच केली. देनला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून डन दिलं: देन(तपास, डन). चालवलं. टाइमआउट. त्याने माझ्याकडे बघितलं. देनचे दोन कॉलबॅक एकमेकांचे शेजारी आहेत, वर-खाली नाहीत. दुसरा जो आहे तो वरच्या प्रॉमिसच्या रिजेक्शनसाठी. शेजारच्या पहिल्यात काय फुटलं ते त्याला दिसत नाही. ते दिसायला साखळीत एक पायरी खाली, रिजेक्शन पकडणाऱ्या कॅचमध्ये, उभं राहावं लागतं: देन(तपास).कॅच(डन). असं केल्याबरोबर "१० !== १५" लाल अक्षरांत, क्षणात, टेस्टच्या नावाखाली.

त्याला हे थोडं विस्कळीत वाटलं म्हणून त्याने दुसरा प्रकार काढला. डनची ओळ तपासातून काढून साखळीच्या टोकाला देन(डन, डन). हेही चालतं, पण एका अटीवर. देन आपल्या कॉलबॅकला वरची किंमत देतं. नोडच्या असर्टने लिहिलेला तपास काहीच परत देत नाही, म्हणून डनला अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही, मिळतं आणि सगळं सुरळीत. चाय या असर्शनच्या लायब्ररीतल्या एक्स्पेक्टने लिहिलेला एका ओळीचा अॅरो फंक्शन मात्र असर्शनची वस्तूच परत देतो. ती डनच्या हातात पडली की मोका तक्रार करतो, डनला एरर नसलेलंच काहीतरी दिलंय म्हणून. पास व्हायला हवी ती टेस्ट फेल. हे त्रासदायक आहे, पण निदान आवाज करतं. मला भीती असते ती गप्प राहणाऱ्या चुकांची.

तशी चूक पुढच्याच टप्प्यात झाली, आणि तिच्यावर मान्यतेचा शिक्का माझा होता.

डन पूर्ण काढायचं ठरलं. २०१४ पासून मोकाला परत दिलेलं प्रॉमिस कळतं: टेस्टने प्रॉमिस रिटर्न केलं की रनर त्याच्या निकालाची वाट बघतो, ते रिजेक्ट झालं तर तेच कारण दाखवतो. हाच खरा रस्ता आहे. त्या फाइलमध्ये चाळीसेक टेस्ट होत्या. एका सहकाऱ्याने दुपारभर बसून सगळ्या बदलल्या, मी रिव्ह्यू केला, मूळ कोडमध्ये मर्ज केला. ती फाइल हिरवी. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मला खटकलं ते रिपोर्टमधलं काहीतरी नसणं. मोका ७५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाणाऱ्या टेस्टपुढे तो वेळ लाल रंगात छापतो आणि त्याच्या निम्म्यापलीकडे गेलेल्यांपुढे पिवळ्यात. डेटाबेसला हात लावणाऱ्या या टेस्टपुढे कायम आकडे असायचे. आता काहींपुढे होते आणि काहींपुढे नव्हते. डेटाबेस रातोरात तरुण झालेला नव्हता. एका आकडा हरवलेल्या टेस्टमध्ये १५ च्या जागी ९९९ लिहिलं आणि चालवलं. हिरवी.

झालं होतं असं. डन काढलं होतं, रिटर्न टाकायचं राहिलं होतं. काही ठिकाणी रिटर्न टाकलंही होतं, पण आतल्या अॅरो फंक्शनमध्ये. बाहेरच्या महिरपी कंसाला ते दिसतच नव्हतं. टेस्ट असिंक्रोनस (उत्तर नंतर येणारी) आहे हे मोका दोनच खुणांवरून ओळखतो: फंक्शनने आर्ग्युमेंट मागितलं आहे का, आणि त्याने प्रॉमिस परत दिलं का. दोन्ही नाहीत म्हणजे त्याच्या लेखी साधी टेस्ट, फंक्शन थ्रो न करता परतलं म्हणजे पास. खरं उत्तर येईपर्यंत रनर दोन टेस्ट पुढे निघून गेलेला असायचा आणि मागे सुटलेलं असर्शन लॉगमध्ये पुन्हा एक इशारा होऊन पडायचं. आधीची टेस्ट निदान टाइमआउट होऊन काहीतरी बिघडल्याचं तरी सांगत होती. आम्ही दुरुस्ती करून तिला पूर्ण मुकं केलं.

डन आणि रिटर्न दोन्ही ठेवले तर मोका २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ठणकावून नकार देतो: एक काहीतरी ठरवा. दोन्ही नसतील तर मात्र तो काही बोलत नाही, बोलू शकतही नाही, कारण खरोखरच्या सिंक्रोनस टेस्टही तशाच दिसतात. असर्शन मोजून पकडावं म्हटलं तर मोकाकडे असर्शनच नसतात. तो ते काम असर्ट, चाय वगैरेंवर सोपवून मोकळा. जेस्ट या दुसऱ्या रनरमध्ये, या टेस्टमध्ये किमान एक असर्शन चाललंच पाहिजे, किंवा नेमकी इतकीच चालली पाहिजेत, असं लिहिता येतं. क्यूनिट या आणखी एका रनरमध्येही आकडा आधी सांगून ठेवता येतो. पण इथेही मेख आहे: मोजदाद टेस्ट संपताना होते, आणि प्रॉमिस परत दिलं नसेल तर टेस्ट लगेच संपते. मग मोजणीच टेस्ट पाडते, कारण असर्शन तोवर चाललेलं नसतं. म्हणजे निकाल योग्य, संदेश भलता. तरी मुकेपणापेक्षा हजारपट बरा.

आम्ही दोन गोष्टी केल्या. टेस्ट असिंक-अवेटमध्ये (फंक्शनला असिंक म्हणायचं आणि प्रॉमिसपुढे अवेट लिहून निकालासाठी थांबायचं) लिहिल्या, म्हणजे फंक्शन आपोआप प्रॉमिस परत देतं आणि रिटर्न विसरायची जागाच राहत नाही. अवेट विसरता येतंच, आणि लोक विसरतातच. म्हणून ईएसलिंट या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या प्रॉमिस प्लगइनमधला प्रत्येक साखळी एकतर परत द्या नाहीतर तिला कॅच लावा असा नियम चालू केला. टाइपस्क्रिप्ट (टाइप जोडलेलं जावास्क्रिप्ट) असतं तर मोकाट सुटलेलं प्रॉमिस पकडणारा याहून कडक नियम मिळाला असता, पण त्याला टाइपांची माहिती लागते आणि प्रोजेक्ट साध्या जावास्क्रिप्टमध्ये होता. यादीतल्या प्रत्येकासाठी एक फंक्शन चालवणाऱ्या फोरईचला असिंक फंक्शन देऊन आत असर्शन लिहिलेल्या तीन टेस्ट या नियमातूनही निसटल्या. फोरईच आपल्या कॉलबॅकने काय परत दिलं ते बघत नाही, त्यामुळे आतली सगळी प्रॉमिसेस हवेत. तिथे साधा फॉर-ऑफ लूप लिहिला.

आणि मग बसून चाळीसही टेस्ट एकेक करून मुद्दाम मोडल्या. अपेक्षित किंमत चुकवायची किंवा तपासायचा कोडच बिघडवायचा, टेस्ट चालवायची, लाल झाली की परत दुरुस्त करायची. अत्यंत कंटाळवाणं काम. अकरा टेस्ट लाल व्हायला तयारच नव्हत्या.

रिजेक्ट व्हायलाच हवं अशा टेस्ट

त्या अकरांपैकी बऱ्याच रिटर्न-अवेटच्या घोळातल्या निघाल्या आणि मिनिटांत सुटल्या. दोन वेगळ्या होत्या. आधीच राखलेला स्लॉट पुन्हा मागितला तर प्रॉमिस रिजेक्ट व्हायला हवं, असं त्या तपासत होत्या. पहिलीत साखळीला फक्त कॅच होता आणि कॅचमध्ये असर्शन. रिटर्नसुद्धा होतं. पण राखून ठेवणारा कोड मुळातून बिघडला आणि दुसऱ्याला तोच स्लॉट खुशाल देऊ लागला, तर प्रॉमिस रिझॉल्व्ह (यशस्वी) होणार, कॅचला वळसा पडणार, असर्शन चालणारच नाही. हिरवी. ज्या बिघाडासाठी टेस्ट लिहिली तोच तिला दिसत नाही.

दुसरी टेस्ट ज्याने लिहिली त्याला हे माहीत होतं. म्हणून त्याने कॅचच्या आधी एक देन घातला आणि त्यात असर्ट.फेल लिहिलं: इथे पोचलास तर फेल हो. यातला विनोद मला दोनदा वाचून कळला. असर्ट.फेल थ्रो करणार, आणि ते थ्रो झालेलं पकडणार कोण? खालचाच कॅच. आणि त्या कॅचमध्ये तपास काय होता? आलेली वस्तू एरर आहे का. असर्शन एरर ही एररचीच वारस आहे. त्यामुळे तपास पास. टेस्टने स्वतःच फेल होऊन, स्वतःचीच एरर पकडून, स्वतःला शाबासकी दिली होती.

इथे उपाय गंमतशीर आहे: शेजारी-शेजारी दोन कॉलबॅकचं देन, जे वर चुकीचं ठरलं होतं तेच. पहिल्यात असर्ट.फेल, दुसऱ्यात एररचा तपास. शेजाऱ्याला शेजारचं दिसत नाही, आणि इथे नेमकं तेच हवं असतं. पण रोज एवढा विचार कोण करणार. नोड १० पासून असर्ट.रिजेक्ट्स आहे, चायसाठी चाय-अॅज-प्रॉमिस्ड आहे, जेस्टमध्ये रिजेक्ट्स आहे. आम्ही असर्ट.रिजेक्ट्स घेतलं. तेही प्रॉमिसच परत देतं, त्याच्यापुढे अवेट लागतंच. हे विसरून लिहिलेली टेस्ट आठवड्याभरात माझ्याच ब्रँचवर सापडली. आणि नुसतं रिजेक्ट झालं एवढ्यावर समाधान मानू नये. एरर कोड तपासावा, नाहीतर फंक्शनचं नाव चुकीचं टाइप केल्याने आलेली भलतीच एररसुद्धा "अपेक्षेप्रमाणे रिजेक्ट झालं" म्हणून चालून जाते.

कुंपणाने खाल्लेलं शेत

शेवटी दुसऱ्या फाइलमधली एक टेस्ट उरली. तिला डन होतं, प्रॉमिस नव्हतंच. जुन्या कॉलबॅक पद्धतीचं फंक्शन काही ठिकाणी अजून वापरात होतं आणि ही त्याची टेस्ट. सेटिंग बदलल्यापासून तीही टाइमआउट होत होती. मी लॉगमध्ये "१० !== १५" शोधत होतो, आणि ते तिथे नव्हतं. होती ती टाइप एरर: अनडिफाइन्डची मिनिटं वाचता येत नाहीत.

आता नोंद अनडिफाइन्ड कशी? डेटाबेसमध्ये ती व्यवस्थित होती. कॉलबॅकमध्ये एक छापणारी ओळ टाकली. ती दोनदा छापली गेली. पहिल्यांदा नोंद होती, मिनिटं १०. दुसऱ्यांदा नोंद गायब, आणि एररच्या जागी आमचंच असर्शन.

फंक्शन उघडलं.

फंक्शन राखूनठेव(स्लॉट, कॉलबॅक) {
  डेटाबेस.राख(स्लॉट)
    .देन((नोंद) => कॉलबॅक(नल, नोंद))
    .कॅच((एरर) => कॉलबॅक(एरर));
}

कुणीतरी आत प्रॉमिस वापरून बाहेर कॉलबॅकचा मुखवटा चढवला होता. टेस्टचा कॉलबॅक आता प्रॉमिसच्या साखळीच्या आत चालत होता. असर्शन थ्रो झालं, ते प्रॉडक्शनच्या कॅचने पकडलं, आणि डेटाबेस बिघडला असं समजून तोच कॉलबॅक दुसऱ्यांदा बोलावला. दुसऱ्या वेळी नोंदच नाही, तिची मिनिटं वाचताना टाइप एरर. ती कॅचच्या आत फुटली म्हणून पुन्हा एका बेवारस प्रॉमिसमध्ये. खरं कारण दोनदा गाडलं गेलं. टेस्ट कितीही नीट लिहिली असती तरी ही चूक टेस्टमध्ये नव्हती.

मी ते जुन्या सहकाऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

"म्हणजे कॉलबॅकमध्ये काहीही फुटलं तरी तो दोनदा चालतो?"

"हो. असर्शनच हवं असं नाही."

त्याने तक्रारींची यादी उघडली. कित्येक महिने एक तक्रार तिथे पडून होती, पुन्हा घडवून दाखवता येत नाही असा शेरा मारलेली. काही वापरकर्त्यांना एकाच स्लॉटसाठी लागोपाठ दोन मेल जात होते: एक स्लॉट राखल्याचा, दुसरा राखता न आल्याचा. मेल पाठवणारा कोड याच कॉलबॅकमध्ये होता. पहिला मेल गेल्यावर त्याच कॉलबॅकमधली पुढची एक ओळ, वापरकर्त्याचं नाव रिकामं असलं की, थ्रो करायची.

कॅच काढून देनला दोन शेजारी कॉलबॅक दिले तर दोनदा बोलावणं थांबतं. पण बोलावणाऱ्याची एरर तरीही प्रॉमिसमध्ये अडकून राहते, म्हणजे टेस्टला पुन्हा टाइमआउट. नोडच्या ८.२ आवृत्तीपासून त्याच्या यूटिल मॉड्यूलमध्ये कॉलबॅकिफाय आहे, ते नेमकं याचसाठी कॉलबॅकला साखळीच्या बाहेर, प्रोसेसच्या नेक्स्ट टिकवर, म्हणजे चालू काम आटोपल्यावर, नेऊन बोलावतं. तिथे फुटलेली एरर कुणाच्याही झोळीत पडत नाही, जुन्या काळासारखी उघड्यावर येते. हाताने लिहिलेलं ते फंक्शन काढून कॉलबॅकिफाय लावलं. टेस्टला हातही न लावता ती टाइमआउट सोडून "१० !== १५" म्हणू लागली, मोकाच्या त्याच मागच्या दाराने.

मर्ज झालं ते

मुदत १५ ची १० कुणी आणि का केली हे विचारायचं राहिलंच होतं. विचारलं. बदल ठरवून केलेला होता, योग्य होता, टेस्ट बदलायची तेवढी राहिली होती. ज्या टेस्टवरून हे सगळं सुरू झालं तिच्यातली शेवटची दुरुस्ती एका आकड्याची.

१०००० ची मुदत काढून पुन्हा २००० वर आणली. आपोआप पुन्हा चालवायची सोय बंद केली. दोन मेलची तक्रार बंद झाली, आणि रिकाम्या नावावर थ्रो करणारी ओळ आता न पकडलेली एक्सेप्शन म्हणून लॉगमध्ये ठळक दिसू लागल्याने तिसऱ्या दिवशी तीही दुरुस्त झाली. कनेक्शन पूल मात्र वाढवलेलाच राहिला. तो कमी करायला अजून कुणी धजावलेलं नाही.